हळदीच्या रानातली इंग्रजी कादंबरी

आमचे कॉलेजातले इंग्रजीचे मधुकर सर गेल्याचं मला मी शिकवते त्या शाळेत, तिसऱ्या तासाला कळलं. आखाडा बाळापूरहून गजाननचा फोन होता. गजानन माझा तिथल्या कॉलेजातला वर्गमित्र, आता त्याचं बाजारात खताचं दुकान आहे. "सर गेले," तो म्हणाला आणि लगेच पुढे, "आयुष्यात एकदाच जमीनदार झालो, ते बी सरांमुळंच." एवढ्या वाईट बातमीतही आम्ही दोघं हसलो. सरांची आठवण अशीच येते, त्याला माझा इलाज नाही.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. आई हळद शिजवायच्या कामावर जायची. बी.ए.ला आम्हाला एक जुनी इंग्रजी कादंबरी होती. तिच्या पहिल्या पानावरचं एकही घर, एकही झाड माझ्या ओळखीचं नव्हतं. पुस्तक सोडून द्यावं असं मनात आलं होतं. दुसऱ्या दिवशी सरांनी पुस्तक मिटून विचारलं, "यातल्या जमीनदाराला आपल्याकडं कुठं ठेवायचं?" कुणीतरी म्हणालं, "वसमतला." "बराबर. काय पिकवतो?" "हळद." झालं, सगळी कादंबरी वसमत रोडला आली. घोडागाडीची जीप झाली, मेजवानीची बारशाची पंगत झाली आणि शेजारच्या इस्टेटीवरची नायिका भावाबरोबर हळदीच्या कढईपाशी उभी राहिली. जमीनदाराचा तिच्यावर जीव, पण पुस्तक संपेपर्यंत त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. ती दुसऱ्या शहरात निघून जाते आणि हा गाडीकडे बघत राहतो. मी रोज घरी जाऊन आईला पुढची गोष्ट सांगायची. आई म्हणाली, "एवढी जमीन असून बोलता येत न्हाई? आमच्या मुकादमाला पाठव म्हणावं, त्याचं तोंड बंदच होत न्हाई."

वर्गातही हाच प्रश्न होता. गजाननने विचारलं, "सर, त्यो बोलत काहून न्हाई?" सर म्हणाले, "असतो एखाद्याचा स्वभाव." मागच्या बाकावरून आवाज आला, "व्हय, आमाला माहीत हाय असा स्वभाव." सगळा वर्ग हसला. कारण सरांची पस्तिशी उलटली होती, लग्न झालं नव्हतं आणि तास संपला की ते रोज पोस्टात जाऊन एकच कार्ड विकत घेत. पोस्टमास्तर होत्या निर्मला मॅडम. पाच वर्षं हे एकेक कार्ड चाललं होतं. सर खडू ठेवत म्हणाले, "हसा. परीक्षेत मात्र हे लिहू नका."

त्या हिवाळ्यात मॅडमची लातूरला बदली झाली. महिन्याभरात हजर व्हायचं होतं. त्याच दिवसांत आम्ही स्नेहसंमेलनात ही कादंबरी नाटक म्हणून करणार होतो. शेवट बदला म्हणून आम्ही सरांच्या मागे लागलो. "गाव बदला, पीक बदला," सर म्हणाले, "शेवट लेखकाचा असतो." मग नाटकाची वही माझ्याकडे देऊन म्हणाले, "मॅडमना दे. भाषा तपासतील." दोन दिवसांनी मॅडमनी वही परत दिली. आत एकही दुरुस्ती नव्हती. फक्त शेवटच्या पानावर, न पोचलेल्या पत्रावर लिहितात तसं लाल शाईत लिहिलं होतं... पत्ता अपुरा, पाठवणाऱ्यास परत. मला म्हणाल्या, "कुणासाठी लिहिलंय ते कळत नाही म्हणावं. आमच्याकडं असं टपाल पुढं जात नाही."

सर ते वाचून स्टाफरूममध्ये खुर्चीवर बसले. "तू वाचलंस?"

"व्हय सर."

"मग आता काय करू?"

माझ्यासारख्या मुलीला सर विचारत होते. मी म्हणाले, "सर, पत्ता आमाला बी माहीत हाय. पण लिहायला तुमीच पाहिजे."

दुसऱ्या दिवशी बाजार होता, पोस्टात गर्दी होती. सर वही घेऊन रांगेत उभे राहिले. मी आणि गजानन दाराशी. नंबर आल्यावर मॅडमनी मान वर न करता विचारलं, "काय हवंय?"

"पत्ता पूर्ण केलाय."

मॅडमनी शेवटचं पान उघडलं. लाल शाईखाली सरांनी मॅडमचं पूर्ण नाव लिहिलं होतं आणि पुढे, "जाऊ नका. हे पाच वर्षांपूर्वीच म्हणायला हवं होतं." मॅडम वाचत राहिल्या. मागचा म्हातारा म्हणाला, "सर, उरका की, माजी गाडी जाऊन राहिली." मॅडमनी वही ड्रॉवरमध्ये ठेवली. "बदली थांबवायचा अर्ज मी करते. तुम्ही रविवारी घरी येऊन वडिलांशी बोला. तिथं वही चालायची नाही."

संमेलनात गजाननचा जमीनदार शेवटी बोलला. टाळ्या थांबेनात. सरांनी आम्हाला बजावलं, "पेपरात मूळ शेवटच लिहा, नाहीतर मार्क जातील." मी तोच लिहिला आणि पास झाले.

सर जाऊन महिना उलटल्यावर, परवा मॅडमना भेटायला गेले. लग्न झाल्यापासून सर रोज संध्याकाळी त्यांना अशीच एखादी कादंबरी सांगत. शेवटची अर्धीच राहिली. "कुठपर्यंत आली होती?" मी विचारलं.

"नायिका नवऱ्याच्या जहाजाची वाट बघून राहिलीय. जहाज म्हणजे रात्रीची मुक्कामी एस.टी. ह्यांनी तिला कळमनुरीच्या स्टँडवर, रसवंतीत बसवलं. दीड महिना झाला, बिचारी बसूनच आहे. तू इंग्रजीची मास्तरीण ना? सांग पुढं. पण गाव आपलंच ठेव."

त्यांनी खुणेचं पान असलेलं पुस्तक हातात दिलं. त्यात बंदर होतं, धुकं होतं, दूरवर एक दिवा होता. मी दोन पानं मनात वाचली, पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं आणि म्हणाले, "मग रसवाल्यानं तिच्यापुढं दुसरा ग्लास ठेवला..."

मॅडमनी खुर्ची जवळ ओढली. "बर्फ घालू नको म्हण त्याला. तिला सर्दी आहे."