आकडा न सांगणारी वाडी

सांगोल्याकडच्या आमच्या वाडीत माणसं थोडी आणि संशय फार. म्हणून किस्से साचत जातात. मी बोलतो, नात लिहून घेते. मला शाळा नाही, तिला आहे. तीपण मधेच विचारते, "आज्जा, हे कशाला सांगायलायस लोकास्नी?" वाडीचीच पोरगी!

*

मागं दोघंजण मशीन घेऊन मोजणीला आले. वाडी कुठवर, म्हणून आमच्या तात्याला विचारलं. तात्याला वाटलं, जमीन काढून घ्यायला आलेत. त्यानं हात केला थेट ओढ्यापलीकडं. त्या मोजणीवरनं लावलेला वाडीच्या नावाचा बोर्ड आजही तिकडंच आहे, बाभळीत. पाहुणे बोर्ड बघून उतरतात आणि अर्धा तास चालतात.

*

शाळेच्या मॅडमनी पोरांना गावाचा इतिहास लिहून आणायला सांगितलं. वाडी कुणी वसवली, म्हणून पोरं घरोघर विचारत फिरली. जो तो म्हणे, "तुला कशाला पायजे?" शेवटी एकीनं वहीत लिहिलं, आमच्या वाडीला इतिहास आहे, पण म्हातारी माणसं सांगत नाहीत. मॅडमनी बरोबरची खूण केली!

*

मेंढरं किती, हे आमच्यात कुणी सांगत नाही. आकडा तोंडातून निघाला की दृष्ट लागते. पोरांचंही तसंच. मॅडम रोज फळ्यावर पट लिहायच्या. सखूवहिनी पाण्याला जाता जाता आत शिरायची आणि पदरानं तेवढा आकडा पुसून जायची.

*

त्या आकड्यापायी गेल्या साली शाळाच जायची पाळी आली. पट कमी भरला तर शाळा बंद, आणि पोरांनी ओढा ओलांडून दुसऱ्या गावी जायचं. तपासायला साहेब आले. हजेरीतली नावं खरी कशावरून, म्हणून स्वतः घरोघर विचारत निघाले. चार पोरं असलेल्या घरानं एक सांगितलं. तात्यानं तर पोरंच न्हाईत म्हणून दार लावलं. आतून पाढे ऐकू येत होते.

साहेबांची बेरीज हजेरीच्या निम्मी भरली. "मॅडम, खोटी नावं घातलीत?"

मॅडमचा चेहराच उतरला.

मी म्हणालो, "साहेब, इचारू नका. मोजा."

मेंढरं आत घेताना आम्ही करतो तसंच केलं. सगळी पोरं शाळेत गोळा केली, दारातून एकेक सोडली आणि दर पोरामागं एक खडा साहेबांच्या रुमालात टाकला. साहेबांनी खडे मनातल्या मनात दोनदा मोजले, हजेरीशी लावून बघितले. जुळले.

"शाळा राहील," ते म्हणाले.

जीपमध्ये बसताना हसून विचारलं, "आजोबा, तुमची मेंढरं किती?"

"हायत की दोन-चार."

माझ्या मागं अख्खा माळ हलत होता.