मृणालचा शिक्का

गुणवंतराव घाटपांडे हा माणूस कागदाचा. दिल्लीत एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, मुक्काम लक्ष्मीबाई नगर, आणि वीस वर्षांच्या नोकरीत बोलले असतील त्याच्या दुप्पट लिहिलेले. घरातला पंखा बंद पडला तरी सुरुवात अशी, "उल्का, विषय असा आहे की..." त्यांचा विषय संपेपर्यंत बायको इलेक्ट्रिशियनला फोन करून मोकळी झालेली असायची.

मुलगी मृणाल, वय वर्षं अकरा. स्वमग्न. चार-पाच शब्दांत दिवस भागवणारी. न सांगता कुणी हात लावला की बिथरायची, पण एक गोष्ट तिच्या जिवापलीकडची होती, ती म्हणजे शिक्का. बापाच्या ऑफिसात एकदा पाहिला आणि हटूनच बसली. गुणवंतरावांनी मार्केटमधून तिला तिचा स्वतःचा 'मंजूर' असा शिक्का बनवून आणला. तेव्हापासून घरात कायदाच झाला. कागदावर लिहायचं, 'नखं कापणे'. मृणाल वाचणार, विचार करणार, शिक्का मारणार, मग नखं. शिक्का नाही तर नखं नाहीत. आईबाप दोघंही सरकारी नोकर, पण मंजुरीचे अधिकार लेकीकडे.

सगळं बरं चाललेलं, आणि तिची उजवी दाढ किडली. जेवण एका बाजूने सुरू झालं, मग अर्धं झालं, मग ती स्वतःच्याच गालावर चापट्या मारायला लागली. तीन दवाखान्यांना फोन केले. मुलगी स्वमग्न आहे म्हटलं की पलीकडचा आवाज बदलायचा. "सर, इनको किसी बड़ी जगह दिखा लीजिए." तिन्हीकडे नन्नाचा पाढा. मोठ्या जागी पूर्ण भूल देऊन करू म्हणाले, तारीख चार महिन्यांनंतरची.

इथे आमच्या कागदाच्या माणसाने माती खाल्ली. सांगितलं म्हणून नाकारतात ना, मग सांगायचंच नाही. चौथ्या दवाखान्यात काही न बोलता दुसऱ्या दिवशीची वेळ मिळवली. मृणालला शिक्क्याशिवाय खुर्चीत बसवलं. वर भगभगता दिवा, तोंडात अनोळखी हात. ती कडाडून चावली. दोन मदतनिसांनी तिचे हात दाबले आणि पाय दाबायला कोण, तर खुद्द बाप. दाढ जिथल्या तिथे राहिली. उल्का तेवढंच म्हणाली, "अहो, तुम्ही धरलेत तिचे पाय." रागावून म्हणाली असती तर गुणवंतरावांना सोसलं असतं.

त्या दिवसापासून आईच्या कागदांवर शिक्का पडायचा, बापाच्या नाही. त्यांनी 'बागेत जाणे' लिहिलं, 'आइस्क्रीम' लिहिलं. मृणाल कागद वाचायची आणि बाजूला सारायची. ऑफिसात फाइल अडली की पाठपुरावा करता येतो, इथे कुणाकडे जाणार? गुणवंतरावांनी हात टेकले.

मग उल्काच्या ऑफिसातल्या वृंदाने नोएडाच्या डॉ. रुचिता बन्सल यांचं नाव सांगितलं. गुणवंतरावांनी रविवारी सकाळी बसून हिंदीत एक पानभर टिपणी लिहिली. मृणालला काय चालतं, काय नाही, शिक्क्याची पद्धत कशी आहे. शेवटचा मुद्दा असा की मागच्या ठिकाणी हे सगळं मी लपवलं, चूक माझी. वीस वर्षांत त्यांच्या टिपणीत हे वाक्य कधी आलं नव्हतं.

डॉक्टरांनी पान दोनदा वाचलं. "लागली तर भूलही देऊ, त्यात वाईट काही नाही," अशा अर्थाचं हिंदीत म्हणाल्या, "पर पहले मंज़ूरी तो मैडम से ही लेनी पड़ेगी." दुखणं दबायला औषध दिलं आणि कागदावर लिहिलं, 'कुर्सी पर बैठना'. मृणालने वाचलं. शिक्का पिशवीतच ठेवला. गुणवंतराव ओशाळून माफी मागायला लागले, तर बाई हसल्या. "नामंज़ूर भी तो जवाब है. परसों आइए."

ठरल्या दिवशी खुर्ची मंजूर झाली. त्यानंतर दिवा आणि छोटा आरसा. डॉक्टर प्रत्येक हत्यार आधी तिच्या नखावर फिरवून दाखवायच्या, आवाज करणारं तर बंद-चालू तिच्याच हातून करवायच्या. चौथ्या खेपेला कागद आला, 'दाढ़ साफ़ करना और भरना'.

मृणालने शिक्का काढला. कागदावर धरला आणि थांबली. बाहेर दोन पेशंट खोळंबलेले, पण डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. मृणालने मान वळवली आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा बापाकडे पाहिलं.

"पाय?" ती म्हणाली.

गुणवंतराव म्हणाले, "नाही धरणार. कधीच नाही."

"लिही."

गुणवंतरावांनी खिशातलं पेन काढलं. त्यांनी खाली लिहिलं, 'बाबा पाय धरणार नाहीत.' ना विषय, ना संदर्भ, ना मुद्दा क्रमांक. मृणालने बोट ठेवून वाचलं. आधी त्या ओळीवर शिक्का मारला, नीट दाबून. मग डॉक्टरांच्या.

काम चाळीस मिनिटं चाललं. तिने तीनदा हात वर केला, तीनदा सगळे थांबले. कुणी तिला दाबलं नाही. गुणवंतराव भिंतीला टेकून दोन्ही हात मागे बांधून उभे होते, तिला दिसतील असे. उल्का रडत होती आणि ते लपवायचीही तिला गरज वाटत नव्हती. शेवटी डॉक्टरांनी आरसा दिला. मृणालने भरलेली दाढ निरखून पाहिली आणि शिक्का उचलून तिसऱ्यांदा मारला, या वेळी कुणी मागितला नसताना, डॉक्टरांचं नाव छापलेल्या औषधाच्या चिठ्ठीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापाने भीतभीत कागद पुढे केला, 'चकली'. शिक्का ठप्पकन पडला. मृणालने भाजणीची कडक चकली उजव्या बाजूला सारली आणि कडाकडा फोडली. मग बरणी बापापुढे सरकवली.