काळ्या गोळ्या आणि माझा अंगठा

"हा गाऊट आहे," जळगावचे डॉक्टर म्हणाले. "रक्तात युरिक ॲसिड वाढलंय. त्याचे सुईसारखे बारीक खडे अंगठ्याच्या सांध्यात साचलेत."

माझा विश्वास बसला नाही. आदल्या पहाटे उजव्या पायाचा अंगठा लालभडक सुजला होता. चादर लागली तरी जीव जात होता. पण गाऊट म्हणजे मटण खाणाऱ्यांचा, दारू पिणाऱ्यांचा आजार, असं मी ऐकलं होतं. डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं विचारलं, तेव्हा वाटलं, नाव 'शेख' वाचून यांनी आधीच ठरवलंय. आमच्याकडे मटण ईदला नाहीतर पाहुणे आले तरच.

मग त्यांनी माझ्या चालू गोळ्या बघायला मागितल्या. ब्लडप्रेशरच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं. "यानेही युरिक ॲसिड वाढतं. शिवाय पाळी गेल्यावर बायकांना हा आजार होऊ शकतो. घरात कोणाला होता?" वडिलांचे पाय सुजायचे, ते आठवलं. डॉक्टरांनी ब्लडप्रेशरची गोळी बदलली. दुखण्यासाठी कोल्चिसिन दिलं आणि युरिक ॲसिड कमी करणारं ॲलोप्युरिनॉल पुढे कायम घ्यावं लागेल म्हणाले. कायम म्हटल्यावर माझा संशय आणखी वाढला.

पाचोऱ्याला मी शिवणकाम करते. पायाशिवाय मशीन चालत नाही. शेजारच्या सुमन अक्का म्हणाल्या, "धुयाले चाल. तठे चिनी इलाज करनारा एक माणूस शे. मना गुडघा त्यानीच बरा करा."

अक्कांचा गुडघा तिथेच बरा झालेला, म्हणून जळगावची औषधं बाजूला ठेवून मी धुळ्याला गेले. त्या माणसाने दोन्ही हातांची नाडी बघितली, जीभ बघितली. सांध्यात ओल आणि उष्णता अडकली आहे, असं चिनी शास्त्र सांगतं म्हणाला. घोट्याजवळ सुया टोचल्या. साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून काळ्या गोळ्या दिल्या. नाव नाही, कंपनी नाही.

दुसऱ्या दिवशी मी मशीनवर बसले. अक्कांना आनंद झाला. मला मात्र इतक्या लवकर आलेला आराम खटकला. काही आठवड्यांत चेहरा गोल झाला, सारखी तहान लागू लागली. मी धुळ्याला फोन केला. "यात काय आहे?"

"जडीबुटी. चिनी फॉर्म्युला सांगता येत नाही."

मी पिशवी घेऊन सरळ जळगाव गाठलं. डॉक्टरांनी आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग साखर तपासली. वाढली होती. "यात स्टेरॉइड असावं. ते सूज दाबतं, खडे तसेच राहतात. पण एकदम बंद करू नका, मी हळूहळू सोडवतो."

गोळ्यांत नेमकं काय होतं, ते शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. चिनी वैद्यक खोटं आहे, असंही मी म्हणणार नाही. मला त्यातलं काही कळत नाही. पण घटक न सांगणाऱ्याचं औषध तुम्ही घेऊ नका. डॉक्टरांनाही विचारा. मी आजही प्रत्येक गोळीचं विचारते आणि ते न चिडता सांगतात, याचे उपकार मोठे आहेत. साखर उतरली, ॲलोप्युरिनॉल परत सुरू केल्यावर युरिक ॲसिडही आटोक्यात आहे.

अक्का मात्र त्याच गोळ्या घेत होत्या. मी सांगितलं तर महिनाभर बोलल्या नाहीत. मग एका सकाळी पिशवी पदराखाली धरून दारात उभ्या राहिल्या. आम्ही जळगावला गेलो. दवाखान्यात नंबर आला तशा म्हणाल्या, "डॉक्टरले बठ्ठं तूच सांग."

"सगळं मी नाही सांगणार अक्का," मी म्हटलं, "औषध तुमच्या पोटात जातं. तुम्हीच विचारा."

त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "यामा काय शे?"