जंगलाकाठची जपानी पंगत

सिंदेवाहीचे मास्तर, तुमचा खोकला हटला का? बल्लारपूरच्या ताई, गुडघा आता वाकतो की अजून जिना बसूनच उतरता? नागपूरच्या सूनबाई, बाळाला दात येताना ताप तर नाही ना आला? बरेच दिवस इथे ब्लॉगवर काही लिहिलं नाही म्हणून तुम्ही सगळ्यांनी विचारलं. आमच्या घरची तब्येत सांगायची तर हा प्रवासच सांगावा लागेल.

यमुना, माझी बायको. तिच्या तोंडाच्या आजारावर नागपूरला किरणांचा उपचार झाला. आजार आटोक्यात आहे म्हणतात, पण जिभेची चव गेली, वासही गेला. काहीही द्या, माती लागते. जेवण सुटलं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. डॉक्टर म्हणाले, आता पोटात अन्न गेलं पाहिजे, नाहीतर आमचं केलेलं वाया जाईल. त्यांनी सांगितलं आणि आम्ही घरी आलो. घास काही जाईना.

आमची मुलगी वैशाली जपानात स्वयंपाक शिकून आली. या हंगामात ती ताडोबाजवळच्या, मोहर्लीकडल्या एका रिसॉर्टमध्ये सुशी करते. तिचा फोन आला, "बाबा, आईले घेऊन या. माह्या हातचं तरी खाईल." मलाही तेच वाटलं. शेवटची आशा म्हणा.

कुरखेड्याहून गजाननभाऊंची गाडी केली. वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल असा रस्ता आहे. जाणार असाल तर सकाळीच निघा आणि मूलच्या पुढे जंगलात गाडी हळू ठेवा, रानडुकरं अचानक आडवी येतात. नागभीडला गरम आलूबोंडे मिळाले. सोबत तळलेली मिरची.

"बाई, एखादा तर घ्या," गजाननभाऊ म्हणाले.

"मले देल्ला काय न् गाईले देल्ला काय, सारखंच," यमुना म्हणाली. "गाय तरी पुरा खाईल."

भाऊ हसले. मला हसू आलं नाही.

रिसॉर्टात एक छोटी खोली, त्यात गुळगुळीत लाकडी ओटा. ओट्यापलीकडे वैशू, अलीकडे मोजक्या खुर्च्या. जागा खूप आधी राखावी लागते, आणि एका माणसाच्या जेवणाच्या पैशात आमच्याकडे बारसं उरकेल. आम्ही पोरीचे पाहुणे, म्हणून बसलो. ती तळहातावर भाताचा लहानसा मुटका दाबते, वर मासोळीचा पातळ काप ठेवते आणि तुमच्यासमोर मांडते. तो तिथल्या तिथे खायचा असतो. हे आम्हाला कुठे माहीत.

यमुना हात मांडीवर ठेवून बसली. मीही बसलो. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय घास कसा उचलायचा? समोर एक झाला, दोन झाले, तीन झाले. बाजूची पुण्याची बाई हळूच म्हणाली, "काका, सुरू करा ना."

"सर्वायले वाढू द्या," यमुना म्हणाली.

वैशू पाहुण्यांशी इंग्रजीतच बोलत होती. शेवटी तिने मान वाकवली आणि घरच्या बोलीत म्हणाली, "आई, हे पंगत नोहोय. ठेवलं का लगेच खायाचं."

"मंग तू काऊन उपाशी? तुले कोणंच वाढलं नाई."

वैशूने इकडेतिकडे पाहिलं. ओट्यामागे उभं राहून खायची तिथे रीत नाही. तरी तिने एक मुटका स्वतःच्या तोंडात टाकला. मग ते ठेवलेले बाजूला सारून आईसाठी ताजा दाबला. आईच्या घासात कच्ची मासोळी नव्हती, शिरका नव्हता, तोंड झोंबू नये म्हणून. नुसता मऊ, कोमट भात आणि वर अंड्याचा तुकडा. माझ्याही पानात तिने तसलाच एक ठेवला. तोंडाजवळ नेला आणि मला वासावरून कळलं. आपल्याच बांधीतला, धानाच्या शेतातला, चिन्नोर तांदूळ. दिवाळीला पोरीने पिशवीभर नेला होता. जास्त पाणी घालून तिने तो चिकट शिजवला होता. चिन्नोर चुलीवर चढला की आमच्या गल्लीत सगळ्यांना कळतं.

यमुनाने घास बराच वेळ चावला. पाण्याचा घोट घेऊन गिळला. वैशूचे हात थांबले होते.

"काय लागते, आई?"

"चांगला आहे वो बाई," यमुना तिचं मन राखत म्हणाली. "पण आपल्या चिन्नोरची सर या जपानच्या भाताले नाई."

वैशूने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, सांगू नको म्हणून. "हो आई," ती म्हणाली, ओल्या फडक्याने सुरी पुसली आणि पुण्याच्या बाईसाठी पुढचा काप घेतला. यमुनाने दुसरा घास उचलला नाही.

परतताना जंगलात गाडीच्या काचा उघड्या होत्या. मूलच्या अलीकडे गजाननभाऊंनी विचारलं, "जमलं काय?" मी नाही म्हणालो.

आता घरी आहोत. सकाळी दोन चमचे पेज जाते, तिसऱ्याला ती वाटी सरकवते. वैशू रोज फोन करते आणि "आज काय खाल्लं?" हे विचारायचं टाळते. फिरून काय मिळालं म्हणाल, तर जे ऐकायचं नव्हतं ते कानाने ऐकून आलो.

तुमच्या घरी, शेजारी, कोणाची अशी गेलेली चव परत आली असेल, तर किती दिवसांनी आली आणि पहिला घास कशाचा लागला ते लिहा. यमुनाला बारीक अक्षर दिसत नाही, मी तिला तुमचं लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवतो. म्हणून कोणाची परत आली नसेल, तर पहिल्याच ओळीत तसं लिहा. ते मी मनातच वाचीन. पण लिहा, आणि लवकर लिहा.