उलटा पोशाख

तोंडात कायम चार टाचण्या धरलेल्या असायच्या, म्हणून त्यांचं नाव पडलं टाचणीबाई. सिनेमाच्या कपडेपटात चौतीस वर्षं शिवणकाम केलं त्यांनी, आणि त्या चौतीस वर्षांत जेवढं बोलल्या असतील तेवढं त्यांची सून एका सकाळी बोलते. सून म्हणते, "बघा, न बोलून काय मिळवलंत!" आता तिला खोटं तरी कसं म्हणावं?

झालं होतं ते असं. तेव्हा अंतराळातल्या सिनेमांत सगळी माणसं चंदेरी कपडे घालायची, भांडी घासून उन्हात ठेवल्यासारखी चकचकीत. असाच एक सिनेमा आला. एक माणूस मेलेल्या ग्रहावर एकटा अडकतो आणि अडीच तास चालत राहतो. बाईंचं मत असं, की त्याला हाताला काही काम दिलं असतं तर सिनेमा बरा झाला असता. पण त्यांना कोण विचारतो? त्यांना सांगितलं गेलं, पोशाख शिवा.

चंदेरी रेक्झिनचं कापड आलं. वरून आरसा, आतून उंदरासारखं करडं. कपडेपटाच्या मास्तरांनी कागदावर चार रेघा मारून दिल्या आणि ते चहाला गेले. बेतणं, कापणं, शिवणं सगळं बाईंचं. मग ट्रायल. ट्रायलला कपडा उलटा चढवतात, शिवण बाहेर ठेवून, म्हणजे जिथं ढिलं वाटेल तिथं टाचणी मारता येते. हे शिंप्याच्या घरातल्या मांजरालाही ठाऊक असतं. बाईंनी नटाला पोशाख उलटा घातला, बगलेत दोन टाचण्या मारल्या आणि मोठी कात्री आणायला आतल्या खोलीत गेल्या. कात्री सापडेना. सापडली तेव्हा ती त्यांच्याच गळ्यात अडकवलेली होती.

बाहेर येऊन बघतात तर काय, नट खुर्चीत नाही. हाक आली म्हणून तो तसाच उठून दिव्यांखाली उभा राहिला होता. करडा, मळकट, अंगभर शिवणींचे उभे पदर फडफडताहेत, जणू माशाचे कल्ले. कॅमेरा चालू.

दिग्दर्शक ओरडला, "हे कुणी केलं?"

बाईंना त्याची पाठ दिसत होती. तोंड दिसत होतं ते मास्तरांना. मास्तरांनी ते तोंड नीट वाचलं आणि ते म्हणाले, "मी."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, देवमाणूस! आपलं पाप याने स्वतःच्या माथी घेतलं. बोलणार होत्या, पण तोंडात टाचण्या. आणि खरं सांगायचं तर, टाचण्या नसत्या तरी त्या बोलल्या नसत्या. नोकरी कुणाला नको असते?

पुढं कित्येक वर्षं बाई त्या माणसाच्या उपकाराखाली वाकून राहिल्या. मास्तरांच्या मुलींचे झगे शिवले, बायकोचे कोट सैल केले, शर्टांच्या कॉलर उलटून दिल्या. मास्तरांना त्या पोशाखासाठी बक्षीस मिळालं तेव्हा बाई घरी आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बिचाऱ्याची लाज राखली हो लोकांनी." उलट्या कपड्याला कुणी खुळा बक्षीस देईल, हे त्यांच्या डोक्यातच शिरेना. त्यांनी तो विषय गाडूनच टाकला. तो पोशाख आपण शिवला, हे त्यांनी सुनेलासुद्धा सांगितलं नव्हतं.

पण चूक काही गाडलेली राहिना. नंतर आलेल्या प्रत्येक अंतराळाच्या सिनेमात करडे, मळके कपडे आणि बाहेर काढलेल्या शिवणी! एकात तर शिवणींना दिवे लावले होते. बाई दुपारचा खेळ बघायला जायच्या आणि अंधारात कपाळावर हात मारायच्या. चूक एकीची, गिरवली साऱ्या जगाने.

मग या वर्षी, बाईंना अठ्ठ्याहत्तरावं लागलं असताना, सुनेने पेपर वाचून दाखवला. विज्ञानपटांना वळण लावणारे दहा सिनेमे जाणकारांनी निवडले होते. पहिला नंबर त्या चालत राहणाऱ्या माणसाचा. का, तर पोशाखामुळे. 'मास्तरांनी माणसाचं आतलं दुखणं कपड्याच्या बाहेर आणलं', असं लिहिलं होतं.

"दुखणं?" बाई म्हणाल्या. "अगं, ट्रायल होती ती!"

आणि मग पहिल्यांदा सगळं बाहेर पडलं. दिग्दर्शक तेव्हा खूश होऊन ओरडला होता आणि उपकाराचं ओझं म्हणून जे वाहिलं ती चोरी होती, हे बाईंना स्वतःचंच बोलणं ऐकताना कळलं. मास्तर तर कधीच वर गेले होते. भांडायचं कुणाशी?

"एकच पाहिजे मला," त्या म्हणाल्या. "त्या पोशाखाखाली माझं नाव. पैसे नकोत, हार नको."

तो पोशाख एका प्रदर्शनात मांडणार होते, तेही पेपरात होतं. सुनेने फोन करून करून तिथल्या साहेबाला जेरीस आणलं. साहेब भला निघाला. म्हणाला, "आजी, कॅमेऱ्यासमोर पोशाख ओळखा, तुमची आठवण सांगा. मास्तरांच्या नावाखाली तुमचं नाव लावतो." छापलेली पाटीसुद्धा त्याने खिशातून काढून दाखवली. बाईंचं शिक्षण दुसरीपर्यंतचं. त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. स्वतःचं अख्खं नाव, आडनावासकट, छापलेलं त्यांनी रेशनकार्डावरसुद्धा धड पाहिलं नव्हतं. तिथंही काना चुकलेला होता. इथं काना बरोबर होता.

काचेचं दार उघडलं. कॅमेरा सुरू झाला. बाईंनी सवयीने पोशाखाची बगल चिमटीत धरली, आणि त्यांचा हात थांबला.

शिंपी शिवणीला लागून थोडं जादा कापड सोडतो, पुढं माणूस अंगाने भरला तर उसवून सैल करायला. त्या जादा कापडाला शिवणकामात माया म्हणतात. तो नट खाण्यात वाघ होता, म्हणून बाईंनी बगलेत तीन बोटं माया सोडली होती. इथं अर्धं बोटही नव्हतं. वरून दिसणारे पदर नुसते डिंकाने चिकटवलेले.

"याला माया नाही," बाई म्हणाल्या.

साहेबाने मान हलवली. "इतक्या वर्षांनी तसं वाटायचंच, आजी."

"वाटायचं काय त्यात? बोट घालून बघा की! हा मी शिवलेला नाही. मागनं कुणीतरी केलेली नक्कल आहे, तीही रडतखडत."

कॅमेरावाला खुसखुसला. सुनेने कोपराला चिमटा काढला. "आई, हो म्हणा ना! एका शब्दाचा तर प्रश्न."

साहेबाचा चेहरा उतरला. प्रदर्शनाची तिकिटं विकली गेली होती, दारावर त्या पोशाखाचं भिंतीएवढं चित्र लागलं होतं. त्याने पाटी हळूच खिशात सरकवली. "तुम्ही दमलात, आजी. वय झालं की होतं असं."

"वय माझं झालंय, बोटांचं नाही," बाई म्हणाल्या. पण कॅमेरा बंद झाला होता.

परतताना सून वाटभर धुमसत होती. "नाव पाहिजे, नाव पाहिजे, म्हणून माझा जीव खाल्लात. आणि ताट वाढून आलं तर लाथाडलंत!"

"माझ्या चुकीची मी इतकी वर्षं लाज वागवली," बाई म्हणाल्या. "पण ती चूक मजबूत शिवलेली होती गं. त्या चिकटवलेल्या भोंगळ कामाखाली माझं नाव? मेले तरी नको."

चार दिवसांनी पेपरात बातमी आली. मास्तरांचा मोठा फोटो. कोपऱ्यात बाई, पोशाखाची बगल धरून. खाली लिहिलं होतं, 'मास्तरांच्या एके काळच्या साहाय्यक पोशाख पाहून गहिवरल्या. आताच्या जगात माया उरली नाही, असे त्या म्हणाल्या.'

बाईंनी बोट ठेवून सगळं वाचलं, दोनदा. "यात मी कुठाय?"

"ही काय, साहाय्यक," सून म्हणाली. आता तिचाही आवाज खाली आला होता.

बाईंनी पेपर टेबलावर सपाट केला, खडूने रेघ मारली आणि कात्री चालवायला लागल्या. सुनेच्या नव्या पोलक्याच्या बाहीसाठी त्यांना कागद हवाच होता.

"अहो, जपून ठेवायचा होता तो! तुमचा फोटो आहे त्यात."

"हाताखाली सरळ धर," बाई म्हणाल्या. "आणि मागच्या बाजूला दीड बोट जास्तच ठेवते तुला. हल्ली सुटायला लागली आहेस."

बगलेच्या गोलाईत मास्तरांचं डोकं गेलं. फोटोतल्या बाई खांद्यापाशी होत्या. त्याही गेल्या.