व्हॅनमधला फ्रीज आणि मावशींची पापलेटं

"ह्यात बर्फ कुठंय?" व्हॅनमधल्या फ्रीजचं झाकण उघडून माझ्या सासूबाईंनी विचारलं.

"बर्फ नसतो त्यात, मावशी. विजेवर गार होतो तो."

"वीज गेली म्हंजे?"

"खाली वेगळी बॅटरी आहे ना."

"बॅटरी गेली म्हंजे?"

मी झाकणावर चिकटवलेला सूचनांचा कागद पुन्हा वाचू लागलो.

सासूबाईंना मी मावशी म्हणतो, कारण सासूबाई होण्याआधी त्या माझ्या घरमालकीण होत्या. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. तालुक्याच्या गावी पदवी घेऊन मुंबईत नोकरीला आलो, तेव्हा खारदांड्याला त्यांच्या पोटमाळ्यावर मला जागा मिळाली. भाड्यात जेवण धरलेलं नव्हतं, तरी त्या रोज संध्याकाळी बाजारात मासे विकून पाटी घेऊन परतल्या की मला खाली हाक मारायच्या. काट्याचा मासा कसा खायचा हे मला त्यांनी शिकवलं. पुढे त्यांच्या मुलीशी माझं लग्न झालं. त्या बाईंचं माझ्यावर जे ऋण आहे ते फिटण्यासारखं नाही, म्हणूनच त्या प्रवासात काही चुकू नये असं मला फार वाटत होतं.

प्रवास माझ्या आईवडिलांकडे होता, कसारा घाट चढून पलीकडे. लग्नाला ते दोघं आले होते, पण जेवायला थांबले नव्हते. तीन वर्षांनी आईचा फोन आला. "विहीणबाईंना घेऊन ये एकदा. आणि मासे आणणार असतील तर ताजेच आणा म्हणावं. आपल्याकडे समुद्राचे मासे कसे पोचतात, माहितेय ना तुला." फोन स्पीकरवर होता. मावशी समोर बसून कोलंबी सोलत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत. कोलंबी संपल्यावर मात्र त्या म्हणाल्या, "शिळं म्हावरं दिलं म्हणून बोट दाखवायला माझ्या पाटीसमोर आजवर कोणी आला नाय."

म्हणून ही व्हॅन. मावशींचे गुडघे दुखतात, त्यांना मध्येच आडवं होता यावं, आणि मासेही गार राहावेत. अंधेरीतल्या एका माणसाकडून आम्ही ती भाड्याने आणली. फ्रीज म्हणजे पेटीसारखा, वरून उघडणारा. आदल्या रात्री घरच्या विजेवर लावून तो गार करून ठेवायचा, असं त्या माणसाने सांगितलं होतं, तसं मी केलं होतं. सकाळी मावशींनी बोटीवरून उतरलेली पापलेटं स्वतः निवडून आणली. खारदांड्याच्या गल्लीत व्हॅन मागे घेता येईना, म्हणून मी मागे उभा राहून बायकोला हात करत होतो. तेवढ्यात मावशींनी सगळं सामान आत चढवलं.

गाडी बायको चालवत होती. मी तिच्या शेजारी, मावशी मागच्या बाकावर. त्यांचा तळहात फ्रीजच्या झाकणावर, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"हा आकडा कसला?"

"चार. आत चार अंश आहे. फ्रीजच मोजतो आणि दाखवतो."

"म्हंजे मी थंड हाय, असा तो सोताच सांगतो?"

बायको हसली. मला हसू आलं नाही. तोपर्यंत त्या आकड्यावर माझा पूर्ण विश्वास होता. आता मी दर दोन मिनिटांनी मान वळवून तो बघू लागलो. चारचा पाच झाला, परत चार झाला. खरंच आत काही होत होतं, की दाखवायचं म्हणून आकडे बदलत होते? त्या अंधेरीच्या माणसाने किल्ली देताना आमच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं, हे मला आता आठवलं. पवईच्या उतारावर गाड्या अडकल्या होत्या, ऊन काचेतून आत येत होतं आणि फ्रीजची घरघर एकदम थांबली.

"गप झाला," मावशी म्हणाल्या.

"पुरेसा गार झाला की तो गप बसतो."

"मेला तरी गपच बसतो."

"आई, जरा शांत बस ना गं," बायको ओरडली. "आणि तू सारखं मागे बघू नकोस यार, मला टेन्शन येतंय."

भांडुपला पेट्रोल पंपावर थांबलो. मी मागचं दार उघडलं आणि माझ्या चपलेवर पाणी आलं. फ्रीजच्या पायथ्यापासून एक ओघळ दारापर्यंत आला होता. मी बोट लावून बघितलं. गार पाणी, माशाचा किंचित वास. म्हणजे फ्रीज कधीचाच बंद पडला होता आणि आम्ही त्याच्या खोट्या आकड्याकडे बघत इथवर आलो होतो.

मी अंधेरीच्या माणसाला फोन लावला. माझा आवाज चढला होता. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, आत बर्फ टाकलाय का तुम्ही? तो फ्रीजरवर लावलेलाच नाही. पाणी येईल कुठून?"

"मग हे काय आहे?"

"मला काय माहीत, साहेब? बाकाखाली बघा. पाण्याची टाकी असते."

बायकोने बाकाखाली हात घातला. तिथे मावशींची गोधडी होती. गोधडी ओढली तर मागे थर्माकोलची पेटी, तिला एका कोपऱ्यात भोक, आणि भोकातून थेंब थेंब पाणी. पेटीत बर्फाचा चुरा, आणि चुऱ्यात अर्धी पापलेटं.

"आई!"

मावशी पाय खाली सोडून निवांत बसल्या होत्या. "अर्धं तुमच्या फ्रीजात, अर्धं माझ्या बर्फात. एक तरी पोचंल."

"मावशी, निदान सांगायचं तरी. तुमचा फ्रीजवर विश्वास नव्हता, तर—"

"फ्रीजाचं काय घेऊन बसलास? तुझ्यावरच नाय. कोणी कागदावर लिवून दिलं की तुला ते खरं वाटतं."

बायको बाकाला डोकं टेकून हसत होती. मी अंधेरीच्या माणसाला पुन्हा फोन करून माफी मागितली. त्याने "ठीक आहे" म्हटलं, पण गाडीची फरशी पुसून द्या, असंही बजावलं.

मी फरशी पुसत असताना मावशींनी फ्रीजमधलं एक पापलेट उचललं, एक बर्फातलं. दोन्हींचे कल्ले उघडून बघितले, अंगठ्याने पोट दाबलं, नाकाशी नेलं. "सारखीच," त्या म्हणाल्या, पण फसवलं गेल्यासारख्या स्वरात. थर्माकोलची पेटी पंपावरून मागून घेतलेल्या एका टबात बसवून पुन्हा बाकाखाली गेली. अर्धे इकडे, अर्धे तिकडे, असेच आम्ही घाट चढलो.

घरी पोचल्यावर आईने दारात आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, मावशींना बसायला चटई घातली. मग स्वयंपाकघरात पापलेटं परातीत मांडली गेली. आमच्या गावाला धरणातले मासे माहीत. समुद्राचे येतात ते बाजाराच्या दिवशी, आणि त्यांचा वास चौकापर्यंत येतो. आई परातीवर वाकली. पुन्हा वाकली.

"ह्याला वास कसा येत नाही?"

"ताजे आहेत, आई," मी म्हणालो.

"इतक्या लांबून आले आणि वास नाही?" तिने आवाज खाली आणला, तरी मावशींना ऐकू गेलंच. "काही फवारलंबिवारलंय का रे ह्यावर? आजकाल काय काय लावतात म्हणे."

मावशींचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा बघितला नव्हता. दिवसभर त्या ज्या एका गोष्टीला जपत आल्या होत्या, तीच आता त्यांच्या अंगावर आली होती. मी बॅटरीबद्दल, फ्रीजबद्दल काहीतरी सांगू लागलो. कोणी ऐकत नव्हतं.

"आधी एक तुकडा मांजरीला घालून बघू," आई म्हणाली. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

"मांजरीला कशाला?" मावशी उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, पण पटकन उठल्या. "तवा कुठंय, विहीणबाई?"

त्यांनी स्वतः एक पापलेट कापलं, धुतलं, हळद-मसाला लावला आणि तळलं. फ्रीजमधलं की बर्फातलं, मी विचारलं नाही. मग पाहुणी असूनही त्या सगळ्यांच्या आधी ताट घेऊन बसल्या. वडील दारात उभे होते. आई चुलीशेजारी पाटावर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मावशींनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, काटा ताटाच्या कडेला ठेवला. तिसऱ्या घासाला आईने हात पुढे केला आणि मावशींच्याच ताटातून, त्यांनी अर्धा खाल्लेला तुकडा मोडून घेतला.

उष्टं कधी न खाणारी माझी आई. ती आपलेपणाने घेत होती, की ज्याची खात्री झाली होती तोच तुकडा घेत होती, हे मला आजही सांगता येणार नाही. ती चावत राहिली, आणि मावशींनी ताट थोडं तिच्याकडे सरकवलं.