दादाचं कच्चं काम

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. पण कच्च्या कागदावर माझ्या मावसभावाइतकी माया करणारा माणूस साऱ्या चिखली तालुक्यात झाला नाही, हे आता लिहूनच टाकतो. उंद्रीच्या या दादाला कशाचंही आधी कच्चं मांडल्याशिवाय पाऊल उचलवत नसे. बहिणीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा तो कोरा कागद घेऊन बसला. पाहुण्यांना वाटलं, देण्याघेण्याचं लिहितोय. तो मात्र होते तेवढे पोहे एवढ्या माणसांना कसे पुरतील, ते मांडत होता.

राज्य नवं होतं. अध्यापक विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेला आम्ही दोघं बुलढाण्याला बसलो. दादाला गुरुजीच व्हायचं होतं आणि वयाच्या अटीमुळे ही त्याची शेवटची संधी होती. त्याने मला आधी कागद वापरायला शिकवलं: घड्या घालून घरं पाडायची, एका घरात एकच गणित, अडलं की पुढचं घर. "कच्च्यालेही आपला नंबर देत जा बे, नाही तर ते पोरकं होते," म्हणायचा.

त्या घरांच्या जोरावर माझा पेपर सुरेख गेला. दादाने मात्र सारी हौस कच्च्यावर फेडली आणि पक्कं घाईत, डाग पाडत उतरवलं. घंटा झाली, पक्कं वर ठेवून तो पाणी प्यायला गेला. आमच्या ओळीचे कागद पर्यवेक्षकांनी मला गोळा करायला सांगितले. वरचा डागाळलेला कागद कच्चा समजून मी बाजूला सारला आणि खालचा देखणा गठ्ठ्यात घातला. माथ्यावरचं 'कच्चे काम' वाचलंच नाही.

परतताना एसटीत दादाने मी दिलेल्या कागदाची घडी उघडली, तर तो पक्का निघाला.

"वर पक्काच ठेवला होता ना म्या?"

"वर कच्चाच होता, दादा."

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी बुलढाण्याला जाऊन आला, तर गठ्ठ्याला लाख लागलेली. कच्चं कोणी तपासलं नाही, तो नापास झाला. गावाने त्याचं नाव 'कच्चे गुरुजी' पाडलं, मीही हसलो. पुढे मी गुरुजी झालो आणि त्याच्याच घड्या पोरांना शिकवल्या. तो मिरची लावत राहिला, हिशेब तोंडीच करू लागला. त्या नावावर अजून हसणाऱ्यांनी हे नीट वाचावं: चूक त्याची नव्हती.

त्याच्या शेवटच्या आजारात मी ठरवून उंद्रीला गेलो. त्याने आमच्याकडचा मिरचीचा भाव विचारला, मी सांगितला. चहा झाला. "येतो," म्हणून उठलो. म्हणायचं होतं ते एवढंच: दादा, वर पक्काच होता, म्या बदलला. माफ कर मले.